पंचचूलीच्या पायथ्याशी

स्वर्गारोहणाला निघालेल्या पांडवांनी शेवटचा स्वयंपाक ज्या जागी रांधला, तेथे त्यांच्या पाच चुली हिमशिखरे होऊन उभ्या राहिल्या, अशी कुमाऊँच्या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्या शिखरांचे नाव पंचचूली. ‘चूल’ हा शब्द इतक्या दूर, तिबेटच्या वेशीवर, घरच्या माणसासारखा भेटावा याचे मराठी प्रवाशाला कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. या पाच चुलींतील सर्वांत उंच चूल ६,९०४ मीटरांची. तिच्यासमोर, गोरीगंगेच्या अलीकडील उतारावर, सुमारे २,२०० मीटर उंचीवर मुनस्यारी हे गाव वसले आहे. जिल्हा पिथौरागढ, राज्य उत्तराखंड.

काठगोदामला रेल्वे संपते. तेथून मुनस्यारी सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. अंतर फारसे नाही, परंतु पहाडातील रस्ता किलोमीटरांत मोजायचा नसतो, तो दिवसांत मोजायचा असतो. आम्ही उभयतांनी तो दोन दिवसांत, अल्मोड्याला मुक्काम करून, जीपने कापला. शेराघाट, बेरीनाग, पूर्व रामगंगेच्या काठचे थल, मग नाचनी. या शेवटच्या नावाने सौ.चे कुतूहल चाळवले. नावाचा संबंध काही असो वा नसो, आपली नाचणी मडुवा या नावाने या पहाडात सर्वत्र पिकते आणि तिच्या काळसर भाकरीवर तूप व गूळ घेऊन खाण्याची रीतही आहे. बिर्थीचा धबधबा मागे टाकला की चढ सुरू होतो आणि कालामुनीच्या खिंडीत, नवसाच्या घंटांनी लगडलेल्या देवीच्या देवळापाशी, पाचही चुली एकदम समोर येतात. त्या दृश्याचे वर्णन आजवर पुष्कळांनी केले आहे. मी त्या भरीस पडत नाही. आम्हांला तेथे नेणारे कारण शिखरांपेक्षा फार लहान होते. इतके लहान की ते पाहायला गुडघे टेकावे लागतात.

आपल्या घरांतील गोडा मसाला ज्यांच्या हातचा आहे त्यांना दगडफूल सांगायला नको. इंदूरच्या सियागंजात ते ‘पत्थरफूल’ म्हणून मागावे लागते, कोणी ‘छड़ीला’ म्हणतो. हैदराबादेस ते बिर्याणीच्या पोटलीत पडते. आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे नाव ‘शैलेय’. एका बाजूने काळपट, दुसऱ्या बाजूने राखी, चुरगळलेल्या कागदासारखे ते हलके चिटोरे कोरडे असताना जवळजवळ निर्गंध असते. गरम तेलात पडले की मात्र ओल्या जमिनीचा, जुन्या लाकडाचा असा काही वास देते की त्यावाचून आमटीला आमटीपण येत नाही. सौ.च्या डब्यात ते चाळीस वर्षे आहे. ते कोठून येते, हा प्रश्न त्या चाळीस वर्षांत आम्हां दोघांपैकी कोणी विचारला नव्हता. फूल म्हटल्यावर कोठे तरी फुलत असेल, इतकेच.

ते फूल नव्हे. वनस्पतीही नव्हे. विश्वकोशकारांनी त्याला ‘शैवाक’ हे नाव दिले आहे, आणि ते एक नसून दोन जीव आहेत. बाहेरचे अंग कवकाचे, म्हणजे बुरशीचे. तिच्या धाग्यांच्या विणीत हिरव्या शैवलाच्या सूक्ष्म पेशी राहतात. बुरशीला स्वतःचे अन्न करता येत नाही. शैवल सूर्यप्रकाशात साखर तयार करते. त्यातली मोठी वाटणी बुरशी घेते आणि मोबदल्यात त्याला घर, ओलावा आणि उन्हापासून आडोसा देते. झाडावर वाढली तरी ही जोडी झाडाच्या अंगात शिरत नाही, त्याचा रस पीत नाही. खोड तिला केवळ बसण्यापुरते लागते. आपण बांडगुळाला जो दोष देतो तो हिच्या माथी मारण्याचे कारण नाही. मुनस्यारीलगतच्या ज्या गावात आम्ही उतरलो होतो तेथील यजमानीणबाईंनी हे शास्त्र एका वाक्यात सांगितले. तिकडे शैवाकाला ‘झूला’ म्हणतात. झाडाला त्याने अपाय होतो का, असे विचारताच त्या म्हणाल्या, “नाही बाबूजी. माणूस म्हातारा झाला की दाढी येते ना, तशी ती बांजाची दाढी आहे.”

बांज म्हणजे तिकडचा ओक. त्याच्या फांद्यांवरून खरोखरच हातभर लांबीच्या पिवळट-हिरव्या दाढ्या लोंबत असतात. पहाटे धुके चढले की त्या ओल्या होऊन मऊ पडतात आणि दहा वाजेपर्यंत वाळून कुरकुरीत होतात. थंडीत बर्फाने गवत झाकले म्हणजे कस्तुरीमृग या दाढ्या खाऊन दिवस काढतो. कस्तुरीसाठी त्याची जी कत्तल झाली ती सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या ताटातील हा घास तुटत चालला आहे, हे फारसे कोणी बोलत नाही.

मुनस्यारीला उत्तराखंडाच्या वनविभागाने २०२० च्या जून महिन्यात एक शैवाक उद्यान उघडले. अशा प्रकारचे हे देशातील पहिलेच. उद्यान या शब्दाने फसू नये: गुलाबाचे ताटवे नाहीत, कारंजी नाहीत. सुमारे दोन एकर उतारावर दगड, खोडे, वाळके ओंडके आणि त्यांवर ऐंशीहून अधिक जाती. पर्यटकांपैकी बरेच जण दहा मिनिटांत ‘यात पाहण्यासारखे काय?’ म्हणून परततात, आणि तसे पाहिले तर त्यांचे चुकत नाही. उभ्याने पाहण्यासारखे तेथे काहीच नाही. बसावे लागते. मग दिसू लागते की दगडावर रंगाचे शिंतोडे उडाल्यासारखे जे वाटले ते कवचासारखे घट्ट चिकटलेले जीव आहेत. काही पानांसारखे पसरतात, आपले दगडफूल त्यांतलेच. काही लहानशा झुडपासारखे उभे राहतात. एका जातीच्या पिवळ्या ठिपक्यांभोवती काळ्या रेषा असतात आणि सारा दगड भूगोलाच्या नकाशासारखा दिसतो. ही नकाशाची जात वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. म्हणूनच हिमनदीने मागे टाकलेल्या दगडांवरील ठिपक्यांचा व्यास मोजून तो दगड किती वर्षांपूर्वी बर्फाबाहेर आला हे ठरवण्याची एक पद्धत रोलांड बेशेल यांनी १९५० मध्ये मांडली. पंचक्रोशीतील सर्वांत जुने रहिवासी पाहायचे तर ते दगडांवर पाहावेत.

ही मंडळी चिवट किती? २००५ मध्ये काही शैवाके एका रशियन उपग्रहातून अवकाशात नेऊन सुमारे दोन आठवडे उघड्या पोकळीत, सूर्याच्या नागड्या किरणांत ठेवण्यात आली. परत आल्यावर ती जिवंत होती आणि पूर्ववत कामाला लागली. आणि नाजूक किती? विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये लिहून ठेवले की पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानात जी शैवाके आहेत ती शहरात इतरत्र नाहीत, कारण शहराची हवा त्यांना सोसत नाही. त्यांना मुळे नाहीत, साल नाही. हवेतून येईल ते सारे अंगात घ्यायचे, विष असले तरी. पोकळीत टिकणारा जीव कोळशाच्या धुरात मरतो.

या विषयाचा पाया आपल्याकडे लखनौचे धरणीधर अवस्थी (१९२२–२०११) यांनी घातला. पण एक दुवा आपल्या अधिक जवळचा आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी वर्षानुवर्षे सह्याद्रीतील व देशभरातील शैवाकांचा अभ्यास केला. आमटीत दगडफूल घालणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

आता थोडे या जोडीच्या संसाराविषयी. शैवाक म्हणजे दोन जीव, हे १८६९ मध्ये सिमॉन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडले तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली. त्याने उपमाही तशीच दिली होती: बुरशी ही मालकीण आणि शैवले तिचे गुलाम. पुढे त्या नात्याला सहजीवन म्हणू लागले आणि शाळेच्या पुस्तकांत ते परस्परसाहाय्याचे आदर्श उदाहरण होऊन बसले. खरे पाहता दोन्ही टोकांना थोडे थोडे तथ्य आहे. संसाराला कोणते एकच नाव पुरते? शिवाय शैवाकांतही परोपजीवी जाती आहेत. डिप्लोस्किस्टेस मस्कोरम ही त्यांतली प्रसिद्ध. ती आयुष्याला आरंभ करते तीच दुसऱ्या शैवाकाच्या अंगावर. त्याच्या विणीत शिरून त्याचे शैवल बळकावते, हळूहळू यजमानाला संपवते, आणि त्याच्या जागी स्वतंत्र शैवाक म्हणून नांदू लागते; पुढे ते उसने शैवल टाकून आपल्या पसंतीचे दुसरे शैवलही धरते. भाडेकरूने घर बळकवावे आणि मग स्वयंपाकीणही बदलावी, तसा प्रकार. शैवाकांवर वाढणाऱ्या बुरशीच्या दोन हजारांहून अधिक जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत. यांतल्या ज्यांचे पोट एकाच यजमान जातीवर अवलंबून असते त्यांची गत विचित्र होते. यजमान विरळ झाला की यजमानाची निदान मोजदाद होते. त्याच्या अंगावरचा पाहुणा मात्र कोणाच्या यादीत न चढता नाहीसा होऊ शकतो.

झूल्याचा व्यापार कुमाऊँत जुना आहे. बायका-माणसे जंगलातून तो गोळा करतात, पोती भरतात, आणि माल हल्द्वानी, रामनगर, टनकपूर येथील जडीबुटीच्या मंड्यांत उतरतो. तेथून त्याच्या वाटा फुटतात: काही मसाल्याकडे, काही हवनसामग्रीकडे, काही कनौजच्या अत्तरवाल्यांकडे. एका पोत्यात एक जात नसते. हाताला लागेल ते सारे खरवडून भरलेले असते. पानासारखी जातही वर्षाला काही मिलिमीटरच वाढते. म्हणजे पसाभर दगडफूल होण्यास किती पावसाळे लागत असतील याचा हिशोब गृहिणीने आपल्या मनाशी करावा. त्यातच बांजाची फांदी सरपणाला आणि चाऱ्याला तुटते, तेव्हा दाढीसकट तुटते. खालच्या उतारांवर चिडाचे वणवे लागतात. रस्तेबांधणीची धूळ बसते. आम्ही सौ.च्या डब्यातील नमुना बरोबर नेला होता. यजमानीणबाईंनी तो नखाने उलटा केला, हुंगला, आणि म्हणाल्या, “हा आमच्याकडचाच. पण जुन्या झाडाचा.” आता तितकी जुनी झाडे गावाजवळ राहिलेली नाहीत, एवढे त्या बोलल्या नाहीत, ते चालताना आमचे आम्हीच पाहिले.

मे महिन्याची अखेर होती आणि गाव अर्धे रिकामे होते. दुकाने उघडी, पण गल्ल्यांवर म्हातारी माणसे आणि तान्ह्या मुलांच्या आज्या. तरणीताठी माणसे, त्यांत वरच्या वर्गांतील मुलेसुद्धा, कोठे गेली म्हणून विचारले, तर सगळ्यांचे बोट एकाच दिशेला: वर, बुग्यालांत. बुग्याल म्हणजे वृक्षांची रेषा संपल्यावर लागणारी उंचावरची कुरणे. तेथे, साडेतीन ते साडेचार हजार मीटरांवर, बर्फ वितळताच कीडाजडी निघते. ही या प्रदेशाची दुसरी बुरशी, आणि हिच्या बाबतीत परोपजीवी हा शब्द वापरताना कोणीही अडखळू नये.

एका पतंगाची अळी जमिनीखाली गवताच्या व झुडपांच्या मुळांवर जगते. पूर्ण वाढायला तिला काही वर्षे लागतात. ऑफिओकॉर्डिसेप्स सिनेन्सिस या बुरशीचे बीजाणू मातीत उतरतात, अळीला गाठतात. धागे तिच्या अंगात पसरतात आणि आतले सारे खाऊन टाकतात. कातडे तेवढे शाबूत राहते. मरण्यापूर्वी अळी पृष्ठभागाजवळ येऊन डोके वर करून थांबते. हिवाळाभर ती बर्फाखाली तशीच. वसंतात तिच्या डोक्यातून तपकिरी रंगाची, दोन-चार सेंटिमीटरांची काडी मातीबाहेर डोकावते. त्या काडीच्या टोकाशी नवे बीजाणू पिकतात आणि वाऱ्यावर उडतात. तिबेटी लोक हिला यार्सा गुंबू म्हणतात, म्हणजे उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा. चिनी नावाचा अर्थही तोच. पंधराव्या शतकातील एका तिबेटी वैद्यकग्रंथात तिचे गुणवर्णन आहे. युरोपात माइल्स बर्कली यांनी १८४३ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. एवढे असूनही कुमाऊँच्या मेंढपाळांना ती अलीकडे अलीकडेपर्यंत पायाखालचे गवत होती.

तिचे भाग्य उजळले ते मैदानी शर्यतींमुळे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत चीनच्या धावपटू मुलींनी लांब पल्ल्यांची पदके लुटली आणि सप्टेंबरात बीजिंगला वांग जुनशियाने दहा हजार मीटरांचा विश्वविक्रम एकदम ४२ सेकंदांनी खाली आणला. प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिले कठोर सरावाला, कासवाच्या रक्ताला आणि या बुरशीला. पुढे त्या यशाभोवती उत्तेजक द्रव्यांचा संशय दाटला आणि धावपटूंच्या सह्यांचे, सक्तीने औषधे दिल्याचे सांगणारे एक पत्रही २०१६ मध्ये प्रसिद्धीस आले. परंतु बाजाराला त्याचे काय? चीनमध्ये मागणी भडकली ती भडकलीच. नव्वदीच्या अखेरीस तिची चाहूल या बाजूला लागली आणि दहा-पंधरा वर्षांत चांगल्या मालाचा भाव किलोमागे लाखांच्या घरात गेला.

हे मुनस्यारीच्या लोकांना काय झाले असेल ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. या खोऱ्याचे नाव जोहार, आणि येथील शौका लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी व्यापार करीत. उन्हाळ्यात मिलमसारख्या वरच्या गावांतून खिंडी ओलांडून धान्य, गूळ, कापड न्यायचे. मीठ, टाकणखार, लोकर आणायची. तिबेटचा वाट न वाट ठाऊक असलेल्या याच मिलमचे नैनसिंह रावत सर्वेक्षण खात्यासाठी यात्रेकरूच्या वेषात, शंभर मण्यांच्या माळेवर पावले मोजत, १८६६ मध्ये ल्हासाला पोहोचले. दोन हजार पावलांचा एक मैल. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिले. मुनस्यारीला शेरसिंह पांगती यांनी उभे केलेले संग्रहालय आहे. त्यातील लाकडी भांडी, खोगिरे, हिशेबाच्या वह्या पाहताना तो काळ हाताला लागतो. १९६२ च्या युद्धाने खिंडी बंद झाल्या आणि एका हंगामात एक आखी व्यवस्था संपली. वरची गावे ओस पडली. मुले मैदानात नोकऱ्यांना गेली. अशा खोऱ्यात, चाळीस वर्षांनी, पुन्हा तिबेटच्याच दिशेने जाणारी एक वस्तू निघाली. माल मुख्यतः नेपाळमार्गे जातो आणि त्यातला बराचसा कागदावर येत नाही. ही चोरी म्हणायची की जुन्या वाटेचे पुन्हा वाहणे? कायद्याचे उत्तर सोपे आहे. मला ते तितके सोपे वाटले नाही.

आमच्या यजमानीणबाईंचे दीर आम्ही असतानाच चार दिवसांसाठी शिधा न्यायला खाली आले. ओठ फुटलेले, चेहरा उन्हाने आणि बर्फाने काळा पडलेला. त्यांनी रुमाल उलगडून पंधरा-वीस नग दाखवले. मातीत माखलेली कीडाजडी मऊ ब्रशाने घासावी लागते. काडी तुटली की किंमत उतरते. पिवळसर अळी, तिचे वळसे, पाय, सारे जसेच्या तसे; आणि डोक्यातून निघालेली ती काडी. सौ.ने हात लावला नाही. शोधण्याची रीत त्यांनी अंगणातच करून दाखवली: पालथे पडायचे, कोपरांवर सरकायचे, नजर गवताच्या पात्यांना समांतर ठेवायची. अशा अवस्थेत सकाळपासून दुपारपर्यंत. कधी दहा सापडतात, कधी दोन. “पहिल्या वर्षांत,” ते म्हणाले, “बसल्या जागी दिसत. आता सारी धार ओलांडून पलीकडे जावे लागते.” धार म्हणजे डोंगराची सोंड. पलीकडे गेले की दुसऱ्या गावाची हद्द, आणि तेथून भांडण. हिमवादळात, कड्यावरून घसरून माणसे गेली आहेत. तरीही सहा आठवड्यांत वर्षाचा खर्च निघतो, म्हटल्यावर कोण थांबणार? त्यांची पुतणी हल्द्वानीला वसतिगृहात राहून शिकते. तिची फी या रुमालातून जाते.

बुरशीच्या ऱ्हासाची कारणे त्या माणसाच्या बोलण्यातही होती आणि शास्त्रज्ञांच्या निबंधांतही आहेत. दोन्हींत विरोध नाही. मुख्य गोष्ट काळाची. बाजाराला माल हवा तो कोवळा, काडी आखूड आणि अळी टणक असताना, म्हणजे बीजाणू पिकण्यापूर्वी. बीजाणू उडून गेले की अळी पोकळ होते आणि तिला गिऱ्हाईक नसते. म्हणजे ज्या अवस्थेत ती मोलाची, नेमक्या त्याच अवस्थेत ती निःसंतान. धान्याचे सारे कणीस पिकण्याआधी खुडावे आणि पुढील वर्षी शेत आपोआप उगवावे अशी अपेक्षा धरावी, तसे हे आहे. शेकडो माणसे दीड-दोन महिने तंबू ठोकून राहतात. त्या उंचीवर जळणाला लाकूड नाही, तेव्हा धूपी आणि बुरांसाची खुरटी झुडपे तोडली जातात. कुदळीच्या टोकाने उकरलेले खड्डे तसेच राहतात.

आणि वर हवामान. या बुरशीला कडक हिवाळा लागतो. चीन, भूतान, नेपाळ, भारत येथील संकलन करणाऱ्यांच्या मुलाखती आणि हवामानाची आकडेवारी एकत्र अभ्यासून २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. उत्पन्न घटते आहे. अतिसंकलनाबरोबरच हिवाळे उबदार होणे हेही त्याचे कारण असू शकते, असा त्याचा निष्कर्ष. झाडांना वर सरकता येते असे म्हणतात. परंतु डोंगराला शेंडा असतो. २०२० च्या जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने आपल्या तांबड्या यादीत हिची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली. पंधरा वर्षांत किमान तीस टक्के घट, हा त्यामागचा अंदाज. योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात महामारीमुळे व्यापारी फिरकले नाहीत आणि भाव कोसळला. एका हंगामापुरती बुग्यालांना उसंत मिळाली असेल. गावांना मिळाली नाही.

बंदी घाला, असे मैदानातून म्हणणे सोपे असते. आमच्याच एका सहप्रवाशाने ते गाडीत बसल्या बसल्या म्हटले. परंतु साडेचार हजार मीटरांवर पहारा कोण देणार? त्यापेक्षा कुमाऊँच्या हाती एक जुने साधन आहे. १९३१ पासून येथे वनपंचायती आहेत: गावाचे जंगल, गावानेच निवडलेले पंच, गावानेच घातलेली शिस्त. चारा कधी कापायचा, कोणत्या उतारावर एक वर्ष पाऊल टाकायचे नाही, हे त्या ठरवीत आल्या आहेत. भूतानने २००४ मध्ये संकलन कायदेशीर करून परवान्यांनी बांधले. चोरून होणारे निदान उघड्यावर आले. उत्तराखंडानेही वनपंचायतींमार्फत नोंदणीची वाट काढली आहे. माझे मत विचारले, तर ज्याचे पोट त्या गवतावर आहे तोच त्याची राखण करील, मात्र पुढच्या वर्षीही ते गवत आपल्याच गावाचे राहील अशी खात्री त्याला हवी. ही खात्री कोणत्याही परिपत्रकाने येत नाही.

एक गोष्ट आपल्या वाचकांपुरती. ‘कॉर्डिसेप्स’ नावाच्या कुप्या आणि भुकट्या हल्ली आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांतूनही दिसतात. त्यांतील पुष्कळ मालात ही बुरशी नसते. कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस ही तिची चुलत बहीण असते, जी प्रयोगशाळेत बरण्यांत सहज वाढते. त्याने हिमालयाचे काही बिघडत नाही, उलट बरेच आहे. चीनमध्ये अळ्या पाळून अस्सल जातही कारखान्यांत पिकवू लागले आहेत. त्याचा भाव वाढला तर बुग्याल मोकळे होतील, की गावे पुन्हा रिकामी होतील? कदाचित दोन्ही. रानातल्या मालाविषयी २०१६ मध्ये चीनच्याच अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला होता की त्यात आर्सेनिकचे प्रमाण मर्यादेहून चार ते दहा पट आढळले. शक्तीसाठी ती घेणाऱ्या चाळिशीच्या गृहस्थांनी एवढे वाचून ठेवावे.

आम्ही निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या गावी पंचायतीची बैठक होती. यजमानीणबाईंबरोबर आम्हीही जाऊन मागे बसलो. विषय एकच: या वर्षी हंगाम एक आठवडा आधी बंद करायचा काय, म्हणजे शेवटी निघालेल्या काड्या वाऱ्यावर पिकू द्यायच्या. शाळेच्या व्हरांड्यात चाळीसेक माणसे, त्यांत बायकाच अधिक. एका वृद्ध बाईंचे म्हणणे होते की आपण सात दिवस सोडले तर धारेपलीकडचे लोक ते सात दिवस नेतील. दुसरीने तिला विचारले, मग नातवाला काय दाखवणार, रुमाल? यावर हशा झाला, पण तो लवकर विरला. हात वर झाले ते साधारण निम्मे निम्मे. शेवटी पंचांनी ठरवले की ज्यांचे पाय वर आहेत त्यांच्यावाचून निर्णय नको. पावसाआधी ते खाली उतरतील, तेव्हा पुन्हा बसू. तोवर अंधार पडला होता. बायकांनी विजेऱ्या पेटवल्या आणि उतार उतरू लागल्या.